ऐकण्याचं काउंटर

“काका, हे लावा आणि सांगा, कसा वाटतो आवाज?”

दुकानाचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. धाकट्या मालकाने हेडफोन पुढे धरला. कानसेनने तो डोक्यावर चढवला, डोळे मिटले आणि मान हळूच डोलावली. गिऱ्हाइकांसमोर इतकी वर्षं डोलावून ती मान आता आपोआप हलायची, झोपेत कूस वळते तशी.

“छान. भरलेला आवाज आहे.”

“दोन्हीकडून?”

“हो, दोन्हीकडून.”

मालकाने डाव्या बाजूची वायर उचलून दाखवली. मुळापासून कापलेली होती. “काल जाताना मीच कापली,” तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो निकाल वाचून दाखवावा तसं सरळ बोलत होता. “गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक सांगून गेलं, तुमच्या एक्स्पर्टला एका कानाने ऐकू येत नाही. मी त्याला वेड्यात काढलं. काका, वेडा मीच ठरलो.”

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. थोरल्या मालकांनी गमतीने ठेवलं आणि ते चिकटलं. हेडफोन, इअरफोन आणि त्यांना जोडायच्या डब्या जिथे लावून बघायला मिळतात त्या काचेच्या टेबलामागे तो उभा असायचा. डावा कान या दुकानानेच खाल्ला होता. रस्त्यावरची माणसं आत खेचायला थोरल्यांनी दारात माणसाएवढा स्पीकर ठेवला होता आणि काउंटर त्याला चिकटून. दिवसभर धडाड धडाड. कोणी चाकू घेऊन कान कापला असता तर पोलीस तरी आले असते. हा रोज थोडा थोडा गेला, त्यामुळे कोणाचंच काही चुकलं नाही. उजव्यातलंही वरचं वरचं गेलं होतं.

“कधीपासून?” मालकाने विचारलं.

“झाली बरीच वर्षं.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“सांगून काय? नवा कान देणार होतात?”

“काका, चेष्टा नको. ऐकू न येणारा माणूस मी ऐकण्याच्या काउंटरवर कशाला ठेवू? खाली गोदामात जागा आहे. खोकी उतरवायची, चढवायची. पगार गोदामाचा मिळेल.”

कानसेनने हेडफोन टेबलावर ठेवला. गोदामाचा जिना चढून आलेली माणसं त्याने पाहिली होती, आणि त्यांच्यातला एकही त्याच्या वयाचा नव्हता.

“मी ऐकून विकतच नाही,” तो म्हणाला. “मी तोंड बघून विकतो. माणसाने हेडफोन लावला की पापणी कुठे पडते, ओठ कुठे सैल पडतो, यावरून मला कळतं त्याला कुठली डबी लागली. सगळ्यात महाग माल या दुकानात कोणी विकलाय, तुम्हीच सांगा.”

हे खोटं नव्हतं. मालकाने जरा विचार केला.

“ठीक आहे. आज मी इथेच उभा राहतो. एक मोठी डबी माझ्यासमोर विकून दाखवा. विकलीत तर तुमचं काउंटर तुमच्याकडे. नाही तर उद्यापासून खाली.”

डबी म्हणजे काय, हे तो दिवसातून कितीदा सांगायचा. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. ही डबी त्या आकड्यांचा आवाज करते आणि हेडफोनला जोर देते. फोनच्या खाली लावायची, खिशात ठेवायची. त्याच्याकडे तीन होत्या. छोटी, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठी, शेपटीसारखी वायर असलेली. मधली, काडेपेटीएवढी. आणि मोठी, धातूची, जड, गोल फिरणारं बटण असलेली. मोठी हातात घेतली की माणूस आपोआप सरळ उभा राहायचा.

पहिला आला तो पाठीवर सॅक घेतलेला. त्याने तिन्ही डब्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. मोठी लावल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या. कानसेनने मालकाकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

“ही घ्या,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच आहे.”

“मस्तच आहे. एक मिनिट हं.” त्याने फोन काढला, खोक्यावरच्या नावाचा फोटो घेतला, थँक्यू म्हणाला आणि गेला. संध्याकाळपर्यंत तो ती घरबसल्या मागवणार होता, कुठल्या तरी गोदामातून, जिथे दुसरा कोणी तरी खोकी चढवत असेल. आम्ही दुकानं लावून बसायचं, दिवे लावायचे, पाय सुजवायचे, आणि माणसं आमच्याकडे चव घेऊन जेवायला दुसरीकडे.

“चेहरा बरोबर वाचलात,” मालक म्हणाला. “पाकीट वाचायचं राहिलं.”

दुपारी उन्हं काचेवर आली तेव्हा दोन बायका आल्या. एक पुढे, पर्स छातीशी धरलेली, तोंडाचा पट्टा चालू. दुसरी मागे, सावकाश.

“अहो भाऊ, हिच्या नव्या फोनला वायर लावायचं भोकच नाही. आधी भोक बुजवायचं आणि मग भोकाची डबी विकायची, काय धंदा आहे तुम्हा लोकांचा! हिचा हेडफोन चांगला आहे, टाकायचा नाही म्हणते. वहिनी, दे ना तो. ही माझी वहिनी. हिला आजार झाला ना, तर आता तिला जरा...” तिने आवाज खाली आणला, म्हणजे नेहमीच्या माणसाइतका केला. “समजायला वेळ लागतो.”

“समजतं मला,” वहिनी म्हणाली. “बोलायला वेळ लागतो, ताई.”

ओठ न हलवता बोलल्यासारखं ते आलं. कानसेनने वर बघितलं. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आजारात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या होत्या. गाल सपाट, भुवया जागच्या जागी, ओठ जरासे उघडे. डोळे तेवढे जिवंत, पण तेही पूर्ण मिटत नव्हते. मिटायचे तर ती बोटाने पापणी ओढायची.

मालक दोन पावलांवर हाताची घडी घालून उभा होता.

कानसेनने तिचा हेडफोन घेतला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. छोटी लावली. मधली लावली. प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघितलं. भिंतीकडे बघितल्यासारखं होतं ते. मग त्याने सवयीने मोठीचं खोकं उघडलं, मखमलीवरून ती उचलली आणि हातात देण्याआधी किंमत सांगितली. तो नेहमी आधी किंमतच सांगायचा.

“बाई गं!” नणंद म्हणाली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. डबी अजून कोणी लावलेलीही नव्हती.

कानसेनचा हात तसाच राहिला. सकाळी त्या सॅकवाल्याच्या भुवया अशाच गेल्या होत्या. त्यालाही किंमत आधीच सांगितली होती. सगळ्यांनाच सांगितली होती. वाकवाकून, डोळे बारीक करकरून इतकी वर्षं तो जे तोंडावर वाचत होता ते आवाजाचं नव्हतंच. त्याने स्वतःच त्यांच्या तोंडावर किंमत लिहिली होती आणि स्वतःच ती वाचून खूश होत होता.

“लावता ना?” वहिनीने विचारलं.

त्याने लावली. ती फोनवरून गाणं नाही, कसलं तरी नाटक ऐकत होती, नुसत्या आवाजांचं.

“गाणी नाही ऐकत तुम्ही?” काही तरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

“माणसं बोलतात ते आवडतं. दवाखान्यात बसावं लागतं. तिथे माझ्याशी कोणी बोलत नाही, ताईंशी बोलतात.”

“अगं, डॉक्टरांना घाई असते,” नणंद म्हणाली. “भाऊ, ही मोठीच द्या. माझा भाऊ म्हणालाय, वहिनीला चांगल्यातलं चांगलं घे. उगाच हलकं नको. करा पॅक.”

मालकाची हाताची घडी सुटली. बिलाचं मशीन त्याने स्वतःच पुढे ओढलं.

आता फक्त मान डोलवायची होती. तेवढं त्याला जमत होतं.

“तुम्हाला कशी वाटली?” कानसेनने वहिनीला विचारलं. आपण हे वाक्य कधीच बोललो नाही, आजवर नुसतं बघत आलो, हे त्याला बोलल्यावर कळलं.

ती जरा थांबली. पुढच्या वाक्यातले अवघड शब्द तिला आधी लांबून बघावे लागत असावेत.

“यात माणसं गप्प झाली की मागे सूं असा आवाज येतो. सारखा. छोटीत येत नाही. तिच्यात गप्प झाली की खरंच गप्प होतात.” तिने हेडफोन काढून त्याच्याकडे धरला. “तुम्हाला येतो का?”

त्याने घेतला. उजवा कान घट्ट दाबला. श्वास रोखला. कोणी तरी बाई बोलली, थांबली. मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये काय होतं ते त्याला कळणार नव्हतं, आज नाही आणि उद्याही नाही. ही डबी त्याने किती जणांच्या गळ्यात मारली असेल! कोणी तरी सांगितलं असतं. पण इतके पैसे टाकलेला माणूस सूं ऐकू येतो हे स्वतःलाही सांगत नाही. आणि गाणी तर सूं झाकूनच टाकतात.

“काका,” मालक गोड आवाजात म्हणाला, “मोठीला तेवढं असतंच ना? सवय होते म्हणावं.”

“मला ऐकू येत नाही,” कानसेन म्हणाला.

“म्हणजे नाहीच ना आवाज!” नणंद म्हणाली. “बघ, भाऊंनाही नाही आला. वहिनी, तुझ्या कानात काही तरी—”

“तसं नाही ताई. माझा डावा कान गेलाय, उजवा अर्धा आहे. मला ऐकू येत नाही. यांना येतं.” त्याने मोठी डबी मखमलीत ठेवली आणि झाकण लावलं. “मोठीतून फार जोर येतो. तो जड हेडफोनसाठी. यांचा हेडफोन हलका आहे, त्याला तेवढा जोर दिला की मागची सूं पण मोठी होते. हे मला माहीत होतं, कागदावर. कानावर कधी घेतलं नाही. छोटी घ्या.”

नणंदेने तोंड उघडलं आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच तसंच मिटलं. मग म्हणाली, “माझा भाऊ काय म्हणेल? एवढीशी डबी आणली म्हणून?”

“मी सांगेन त्यांना,” वहिनी म्हणाली. “मला ऐकू येतं, असं सांगेन.”

तिचा चेहरा तसाच होता. त्यावरून ती रागावली होती की हसत होती, काही कळायला मार्ग नव्हता, आणि कानसेनने शोधलाही नाही. त्याने छोटी डबी खोक्यात घातली, वायर कशी लावायची ते तिला दाखवलं, नणंदेला नाही. दोघी गेल्या. दारातून बाहेर पडेपर्यंत नणंदेचा पट्टा पुन्हा सुरू झाला होता.

मालकाने बिलाचं मशीन परत जागेवर सारलं.

“काका, विकली गेली होती ती. पॅक करा म्हणाली होती बाई.”

“हो.”

“मुद्दाम केलंत?”

“नाही. तिला विचारलं, तिने सांगितलं. पुढे मला काही करता आलं नाही.”

“मग उद्यापासून खाली.”

“खाली,” कानसेन म्हणाला. त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, पण थकलेला आला, जिना चढून आल्यासारखा, आणि येऊन नुसताच बसला. “आज बंद होईपर्यंत मात्र इथेच आहे. ऐकण्याच्या काउंटरवर.”

“राहा. पण विका काही तरी.”

दिवे लागल्यावर एक प्राध्यापकासारखा दिसणारा गृहस्थ आला. चष्मा वर सारून म्हणाला, “अहो, यातली बेस्ट कुठली ते सांगा. तुम्ही एक्स्पर्ट आहात.”

कानसेनने तिन्ही डब्या टेबलावर मांडल्या. किमतीची कार्डं उलटी केली.

“तुम्ही लावा. काय ऐकू येतं ते मला सांगा.”

“मी सांगू? आणि तुम्ही काय करणार?”

“ऐकेन.”

गृहस्थाने खांदे उडवले आणि हेडफोन चढवला. कानसेनची नजर सवयीने त्याच्या भुवयांकडे गेली. त्याने ती उचलली आणि वळून पाठमोरा उभा राहिला, तोंड मागच्या फडताळाकडे, उजवा कान जरा मागे. फडताळावर रिकामी खोकी होती, एकावर एक रचलेली. त्यांच्याकडे बघत तो थांबला.

“काका!” मागून मालक म्हणाला. “गिऱ्हाइकाकडे पाठ?”

कानसेन वळला नाही. त्याला ऐकू आलं नाही, असं आता कोणीही धरून चाललं असतं. तो त्या गृहस्थाच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिला.