सकाळी नव्हते

मोजा वर ओढता ओढता बाबांचा हात थांबला. मुंगीच्या घोट्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, सात-आठ. त्यांनी त्यातल्या एकावर अंगठा दाबून पाहिला. ठिपका फिका पडला नाही.

"बाबा, बूट घालताय की पायाचं माप घेताय?" मुंगीने विचारलं.

"पाय वाढलाय तुझा," ते म्हणाले, आणि मोजा वर ओढून त्याची पट्टी नीट बसवली.

फरश्या बसवणाऱ्याची नजर ती. दोन फरश्यांच्या सांध्यातला केसभर फरकही तिच्यातून सुटत नसे. त्या दिवशी त्यांनी एका न्हाणीघराची तीच भिंत दोनदा उखडून पुन्हा लावली. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि ठिपक्यांचं काही न सांगता जेवायला बसले.

मुंगी नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून मुंगी. पण रक्ताच्या कर्करोगाने तिला दोन वर्षं खाटेवर बसवलं होतं. उपचार संपून पाच महिने झाले होते, केस कानांपर्यंत आले होते. त्याच आठवड्यात सोमवारी आई शिवणकारखान्यातल्या कामावर पुन्हा रुजू झाली होती. तिची जुनी मशीन कुणीतरी बळकावली होती, आणि ती कशी परत मिळवली हे सांगताना ती घास हातात धरून हसत होती. बाबांना ते हसू आणखी एक दिवस हवं होतं. मग आणखी एक.

शुक्रवारी वर्गात मुंगीच्या नाकातून रक्त आलं आणि ते थांबेना.

इस्पितळात डॉक्टरीणबाई आधीच्या उपचारांच्या वेळच्याच होत्या. त्यांनी मोजे उतरवले, पाय उजेडात धरला. ठिपके आता पोटरीपर्यंत पोचले होते.

"हे कधीपासून आहेत?"

बाबा भिंतीकडे बघत राहिले. आईने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मुंगीने आधी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आजच आले," ती म्हणाली. "सकाळी नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.

आजार उलटला होता. या वेळची औषधं जास्त जहाल होती, त्यातलं एक लालभडक. आठवड्याभरात उशीवर केस दिसू लागले. तोंड आतून इतकं सोलवटलं की मुंगी थुंकीसुद्धा रुमालात टिपून घेई. मग ताप चढला आणि अकरा दिवस तिला काचेच्या खोलीत ठेवलं. आई काचेबाहेरून हातवारे करून दिवसभराच्या गोष्टी सांगे. मुंगी ओठ न हलवता डोळ्यांनी हसे. आईची कारखान्यातली जागा दुसरीला दिली गेली. ते तिने घरी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्याची अस्थिमज्जा मुंगीला द्यायची, असं ठरत आलं होतं. पण त्याआधी रोग दबायला हवा होता. औषधांच्या दुसऱ्या फेरीनंतर तपासणी झाली. तो दबला नव्हता.

"अजून एक औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोलताना त्या फाइलकडे बघत नव्हत्या. "त्याने ती बरी होईल असं मी म्हणणार नाही. फार तर काही आठवडे मिळतील, तेही बहुतेक इथेच. ते नको असेल तर घरी नेता येईल. तिला दुखू नये एवढं आम्ही बघू. आज दिवसभर विचार करा."

दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. समोरून औषधांची गाडी ढकलत एक परिचारिका गेली. गाडीच्या चाकांचा आवाज हळूहळू विरला.

"मी ते ठिपके बुधवारीच पाहिले होते," बाबा म्हणाले. "मोजा घालताना."

आईने मान वर केली नाही. "मी मंगळवारी. आंघोळ घालताना."

मग तीच म्हणाली, "डॉक्टरांना विचारलं होतं मी, मागच्या महिन्यात. तीन दिवसांनी काही फरक पडला नसता म्हणाल्या."

"पटलं तुला?"

बाबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांच्या चिरांमध्ये सिमेंट होतं. ते कितीही धुतलं तरी जात नसे.

आत मुंगी जागी होती. आई खाटेच्या कडेला बसली, बाबा उभे राहिले.

"डॉक्टर म्हणतात, अजून एक औषध आहे," बाबा म्हणाले.

"लाल?"

"नाही. वेगळं."

"त्याने पण तोंड येतं?"

"हो. येईल बहुतेक."

ते इतकं सरळ उत्तर देतील असं तिला वाटलं नसावं. ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईकडे वळली.

"तुला हवं असेल तर घेते मी," ती म्हणाली. वरच्या फळीवरचा डबा काढून देऊ का, असं विचारावं तितक्या साधेपणाने. "मला चालेल."

चादरीवरची एक सुरकुती आईने तळहाताने सपाट केली. सुरकुती पुन्हा उठली, तिने ती पुन्हा सपाट केली.

"नाही, मुंगी," ती म्हणाली. "मला नकोय."

"उगीच नाही ना म्हणत?"

"नाही."

"आणि बाबा?"

बाबांनीही नको म्हणून मान हलवली. मुंगीने दोघांचे चेहरे आळीपाळीने तपासले, फार बारकाईने. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. तिने सलाइनची सुई टोचलेला हात पुढे करून आईच्या मांडीवर ठेवला.

"मग ही सुई कधी काढतील?" तिने विचारलं. "पहिल्यापासून दुखतेय."