कसरीने खाल्लेला अर्थ

मित्रांनो, मी एक जुना, पाठ सुटलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. एका छापखान्यात शिशाचे बारीक खिळे जुळवून मला छापले आणि एका बाईने माझी पाने दोऱ्याने घट्ट शिवली. पुढे बेकरीत भट्टी सांभाळणाऱ्या एका माणसाने मला आपल्या शाळकरी मुलीसाठी विकत घेतले.

ते दिवस कौतुकाचे होते. मुलगी मोठ्याने वाचायची आणि भाजी चिरता चिरता आई ऐकायची. आई कधी शाळेत गेली नव्हती. एकदा ‘मेक’ हा शब्द निघाला. बनवणे, करणे, भाग पाडणे, कमावणे, अंथरूण नीट घालणे, मैत्री जुळवणे, चूक करणे... माझा अख्खा रकाना त्यानेच अडवला होता. आई हसून म्हणाली, “एकाच्या मागे एवढी कामं? माझ्यासारखंच झालं की बिचाऱ्याचं.”

मुलगी शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. मी कपाटाच्या तळाशी ओलीत पडून राहिलो. मला कसर लागली. पाने पोखरली जाताना आम्हांला ओरडता येत नाही, मित्रांनो.

मग आई आजारी पडली, इस्पितळात गेली. एका दुपारी वडील धापा टाकत घरी आले. आईच्या खाटेजवळ दोन डॉक्टर आपसात म्हणाले होते, “शी वोन्ट मेक इट.” वडिलांना विचारायचा धीर झाला नव्हता. तेवढे शब्द वाटभर घोकत ते आले होते.

त्यांनी मला ओढून काढले. भाजल्याचे डाग पडलेले बोट रकान्यावरून खाली सरकत गेले. तळाशी ‘मेक इट’ होते. त्यापुढे एके काळी तीन अर्थ होते : वाचणे, जगणे, तग धरणे. शेवटचे दोन कसरीने खाल्ले होते.

“वाचणार नाही?” ते पुटपुटले. मग त्यांचा चेहरा सैल झाला. “तिला कुठे वाचता येतं? दिला असेल कसला तरी कागद.” ते चक्क हसले आणि त्यांनी चहाचे आधण ठेवले.

उठा, परत जा, हे वाचणे ते नव्हे, असे मला सांगायचे होते. पोटात हजारो शब्द, पण तोंड नाही. चहाला उकळी आली. त्यांनी तो सावकाश गाळला.

तेवढ्यात मुलगी आली. “बाबा, तुम्ही घरी कसे? आईजवळ कोण आहे?”

त्यांनी सगळे सांगून माझे पान तिच्यापुढे धरले. तिने ते पाहिले आणि त्यांच्या हातातला कप काढून घेतला. “चला, बाबा. हे वाचणं पुस्तकातलं नाही.”

ते जागचे हलले नाहीत. “मला कळलं होतं गं,” ते म्हणाले. “घटकाभर बरं वाटलं, एवढंच.”

दोघे धावत गेले. दार तसेच उघडे राहिले.

नंतर वडील शेजाऱ्यांना सांगत होते तेव्हा मी ऐकले. ते पोचले तेव्हा आई शुद्धीवर होती. “जेवलात का?” एवढेच तिने विचारले. मग ती पुन्हा कधीच बोलली नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवा, ओल लागू देऊ नका. परका शब्द कानी पडला, तर सांगणाऱ्याची बाही धरून विचारा. आणि आपले माणूस खाटेवर असेल, तर तिथून उठून माझ्याकडे येऊ नका. अर्थ काय, नंतरही सापडतो.