कोपरीतल्या बारा उद्योजिका

कोपरीत मी आगरी मसाला विकते, व्हॉट्सअ‍ॅपवर. विनिता मला 'डिजिटल उद्योजिका' म्हणते, कारण तिची पीएचडीच त्याच्यावर. पोरगी गुणाची. तासभर बसून तिने सगळं लिहून घेतलं आणि उठताना म्हणाली, "सगुणामावशी, तुमच्यासारख्या अजून अकरा जणी सांगा ना."

आता मी काय खुळी आहे? माझं गिऱ्हाईक पळवणाऱ्या बायका मीच शोधून देऊ? पण तिचं उतरलेलं तोंड बघवेना. म्हटलं, "त्या लाजतात गं. फॉर्म ठेवून जा, मी भरून घेते."

एका दुपारी अकराही फॉर्म मीच भरले. नावं गल्लीतल्या बायकांची, धंदा सगळ्यांचा मसाल्याचा. दुसऱ्या धंद्यातलं मला कुठे काय कळतंय?

दोन महिन्यांनी विनिता धावत आली. तिचे सर शनिवारी बाराही जणींना भेटायला येणार होते. मग मला खरं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "मावशी, चार वर्षं गेली माझी." मी नुसतं माझं गिऱ्हाईक सांभाळलेलं, आणि पोरीचं वाटोळं होत होतं.

तीन दिवस होते. शेजारच्या आसावरीपासून सुरुवात केली. अकरा जणींना घरी बसवून सगळं शिकवलं: फोटो उजेडात कसा काढायचा, ग्रुप कसा बनवायचा, कुठल्या सोसायटीत कोणाला मेसेज टाकायचा. जे सख्ख्या जावेला सांगितलं नव्हतं, तेसुद्धा सांगितलं.

शनिवारी सर आले. आसावरी अशी काही बोलली की सर जाताना तिच्याकडूनच अर्धा किलो मसाला घेऊन गेले. जाता जाता विनिताला म्हणाले, "उत्तम. सहा महिन्यांनी यांची प्रगती पुन्हा मोजा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आसावरीला म्हटलं, "चला, आता ग्रुप बंद करा."

"बंद? अगं, डोंबिवलीहून सहा ऑर्डरी आल्यात," ती म्हणाली आणि पाठ फिरवून मसाला भरायला लागली.

सहा महिन्यांनी विनिताने पुन्हा मोजलं, या वेळी स्वतः घरोघरी जाऊन. प्रबंध पास झाल्यावर पेढे घेऊन आली. मी प्रबंधातला बारा जणींच्या कमाईचा तक्ता उघडला. सगळ्यात खाली मी. पुढे शेरा: 'प्रशिक्षणाची गरज.'

"ही मी का गं?"

विनिताने पेढ्याचं खोकं माझ्यापुढे सरकवलं.

"मावशी, आसावरीताईंनी क्लास काढलाय," ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव घालू?"