फुरफुऱ्याची मूळची वायर

मित्रांनो, माझी पाती पितळेची आहेत, बूड बिडाचे आहे आणि माझ्यामुळे एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःचे कौतुक सांगू लागलो तर तुम्ही भुलणार नाही. मी एक जुना टेबलफॅन आहे.

कारखान्यातच माझ्या एका पात्याला किंचित बाक आला होता. तपासनिसाने मला फिरवून पाहिले, कान लावला आणि "चालतंय की" म्हणत खोक्यात घातले. त्या बाकामुळे सुरू होताना मी घोड्यासारखा फुरफुरतो, वेग घेतला की मग गप्प होतो.

मला विकत घेतले अक्काने. ती तेव्हा विशीत होती, शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेजारच्या गोदामाच्या भिंतीकडे उघडायची. पहिले मोठे काम पुरे होताच तिने मला दुकानातून स्वतः उचलून आणले, टेबलावर ठेवले आणि बटण फिरवले. मी फुरफुरलो. ती पोट धरून हसली. "अगं बाई, हा तर फुरफुऱ्या!" म्हणाली. त्या दिवसापासून तेच माझे नाव झाले.

पुढची चाळीस वर्षे मी तिच्या शिलाई मशीनशेजारी काढली. कापडाचे तुकडे उडू नयेत म्हणून ती माझी मान थोडी भिंतीकडे वळवून ठेवायची. आठवड्यातून एकदा चिंधीने पाती पुसायची आणि शिलाई मशीनच्या कुपीतले दोन थेंब तेल मलाही द्यायची. जोराने फिरताना मी गुळगुळीत टेबलावर हळूहळू सरकत जायचो. मग ती शिवता शिवता, मान वर न करता, एका हाताने माझी जाळी धरून मला जागेवर आणायची. ही तिची सवय लक्षात ठेवा.

तिचा धाकटा भाऊ नाना त्याच घरात राहायचा. तो बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा नोंदवायचा. घरी आला की शर्टाची बटणे सोडून माझ्यासमोर उभा राहायचा आणि तिच्या वाटचा वारा अंगावर घ्यायचा. माझ्यावर त्याने कधी फडका मारला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला वेळ खायला उठला, आणि फोनवर त्याला जुन्या घरगुती यंत्रांच्या शौकिनांचा एक कट्टा सापडला.

त्या कट्ट्यावर खरे नाव कोणी लावत नसे. जो तो आपल्या यंत्रावरून टोपणनाव घ्यायचा. एकाला जुन्या इस्त्रीने भिंतीवर आपटले होते, तो अभिमानाने 'झटका' झाला. किटल्या जमवणारा एक जण 'उकळी' होता. दातांच्या एका डॉक्टरणीने आपल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजावरून 'घरघर' हे नाव घेतले होते. तिच्या रुग्णांना ते ठाऊक नव्हते हे बरेच झाले. नाव घेताना ते कसे सुचले याची हकीकत लिहावी लागे. आणि नाव टिकवायचे तर यंत्र मूळच्या सगळ्या भागांसह चालू असावे लागे. एक स्क्रू जरी नवा बसवला, तरी नाव गेले. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी दुपारी बाराच्या आत, यंत्र चालवून त्याचा व्हिडिओ टाकायचा आणि नाव घेऊन 'हजर' म्हणायचे, अशी शिस्त होती. कट्टा चालवणाऱ्या गृहस्थाला सगळे मुकादम म्हणत.

नानाने नाव घेतले 'फुरफुऱ्या'. हकीकतीत त्याने लिहिले, 'माझ्या पहिल्या पगारातून हा पंखा मी आणला. बटण दाबताच तो फुरफुरला आणि मला नाव सुचले.' अक्काचा उल्लेखसुद्धा नव्हता. लोकांनी वाहवा केली. नाना तर हरखूनच गेला. खरे सांगतो, मलाही बरे वाटले. इतक्या अनोळखी माणसांनी माझे नाव घ्यावे, हे भाग्य मला कुठे मिळाले होते?

दोन वर्षांनी अक्काला माझ्या अंगाला हात लावताना मुंग्या येऊ लागल्या. माझी वायर जुन्या पद्धतीची, वरून कापड गुंडाळलेली. आतले रबर वाळून भुगा झाले होते. अक्काने वायरमनला बोलावले. त्याने वायर दोन बोटांत धरून वाकवली आणि भुगा तळहातावर घेऊन नानाला दाखवला.

"नाना, ही आजच्या आज बदला. अंगात करंट उतरतोय."

"बदलली की संपलंच सगळं," नाना म्हणाला. "मूळची आहे ती. तुम्हाला नाही कळायचं."

वायरमन गेल्यावर अक्का म्हणाली, "अरे नान्या, हात लावला की मुंग्या येतात मला."

"मुंग्याच ना? वाघ तर नाही ना येत? हजेरी होऊ दे, मग बघू."

हजेरीच्या दिवशी त्याने मला घासून लख्ख केले. त्याने आयुष्यात मला केलेली ती पहिली सेवा. एका हातात फोन धरायचा होता, म्हणून बटण फिरवायला अक्का हवी होती. ती हातातला गणवेश ठेवून आली.

"पहिल्यावर कर. हां. दुसऱ्यावर. आता तिसऱ्यावर."

मी पूर्ण वेगात फिरू लागलो आणि टेबलावर सरकू लागलो. अक्काने सवयीने माझी जाळी धरली. माझ्या अंगातल्या विजेने तिच्या हाताला हिसका दिला आणि दोन बोटे जाळीच्या फटीतून आत आली. जुन्या पंख्यांच्या जाळीत मूठ जाईल एवढी फट असते, मित्रांनो, आणि पितळेचे पाते मऊ नसते. ती किंचाळली. नानाच्या तोंडात दोन शब्द आलेले होते. ते त्याने पुरे केले. "फुरफुऱ्या, हजर," असे म्हणून मग त्याने प्लग ओढला.

रुग्णालयातल्या बाकावर बसून त्याने व्हिडिओचा शेवट कापला आणि तो कट्ट्यावर टाकला. बाराला दहा मिनिटे होती. कापला तरी किंचाळीचे टोक ऐकू येत होतेच. 'घरघर'ने लगेच विचारले, 'कोण ओरडलं? बाई ठीक आहेत ना?' मुकादमाने विचारले, 'पात्याला काही झालं का?' नानाने उत्तर दिले ते मुकादमाला. 'पाती मूळचीच. वायरही मूळचीच.' त्याखाली शाबासकीची रांग लागली.

बोटे डॉक्टरांनी वाचवली, पण ती वाकेनात. सुई धरता येईना. कापून ठेवलेले गणवेश शाळेने परत नेले. अक्का रिकाम्या मशीनसमोर बसून राहायची. नाना तिला चहा करून द्यायचा, औषधे आणायचा. वायरचे नाव मात्र काढायचा नाही.

एक दिवस कट्ट्याकडून छापील मानपत्र आले, सलग तीन वर्षे अस्सल यंत्र राखल्याबद्दल. नानाने ते अक्काला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग उठली, माझा प्लग काढलेला आहे याची खात्री केली आणि कापड कापायची कात्री डाव्या हातात घेतली. ती हातात नीट बसेना. तीन वेळा दाबावी लागली, तेव्हा कुठे वायर अगदी बुडाशी तुटली.

"अगं, काय केलंस हे!" नाना ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. "मूळची होती ती!"

"बोटंही मूळचीच होती, नान्या."

पुढच्या हजेरीला मूळची वायर दाखवता आली नाही आणि नानाचे नाव गेले. आठवड्याभरात ते 'झटका'ने घेतले. त्याच्याकडे माझ्याच जातीचा एक पंखा होता. त्याने हकीकत लिहिली, 'माझ्या पहिल्या पगारातून हा पंखा मी आणला. बटण दाबताच तो फुरफुरला आणि मला नाव सुचले.' एक अक्षर बदलले नव्हते.

"चोर आहे मेला! सगळं खोटं आहे!" नाना म्हणाला.

"मग लिही की खरं काय ते," अक्का म्हणाली. "नाव कोणी ठेवलं, लिही."

त्याने फोन उचलला. बराच वेळ अंगठा वर धरून बसला. मग फोन पालथा घातला आणि माझ्याकडे पाठ करून झोपला. त्या दोघांतले बोलणे तेव्हापासून चहा आणि औषधांपुरतेच उरले आहे.

वायरमनने मला नवी काळी वायर बसवली. आता मला हात लावला तर मुंग्या येत नाहीत. अर्ध्या तासाचे काम होते, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल तर त्याचे कौतुक जरूर करा, पण आधी त्याला हात लावणाऱ्या माणसाला विचारा की काही होते का, आणि तो सांगेल ते खरे माना. आम्हाला जपू नका. आमच्यासारखे कारखान्यात पुन्हा बनवता येतात.

अक्का डाव्या हाताने टाके घालायला शिकते आहे. वाकडे पडतात, उसवते, पुन्हा घालते. उकाडा वाढला की माझे बटण फिरवते. मी पूर्वीसारखाच फुरफुरतो आणि वाट बघतो. ती माझे नाव घेत नाही.