जाळीपलीकडची दीपमाला

माझी जाऊ दीपमाला मला बघून न बघितल्यासारखं करते, याचं मला वर्षभर दुःख होतं. दुःख कसलं, आगच होती नुसती.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं फाटलं. आमच्या ह्यांनी आणि गोपालभाऊजींनी अंगणाच्या मधोमध हिरवं शेडनेट ताणलं, तेही वांग्याच्या रोपांवरून उरलेलं. आमच्या उंद्री गावात लोक भिंती बांधतात. आमच्याकडे भांडणसुद्धा काटकसरीचं.

जाळीच्या आमच्या बाजूला टिनाचं छप्पर, त्यामुळे दिवसाही सावली. पलीकडे लख्ख ऊन. मी चुलीपाशी बसले की दीपमाला जाळीतून स्वच्छ दिसायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना, केस वाळवताना, पदरानं घाम पुसताना. माणूस हाकेच्या अंतरावर आणि बोलायची चोरी. एकदा ती थेट माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी हात वर केला. तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि आत निघून गेली. नाक केवढं वर झालंय हिचं, असं म्हणाले आणि बसून रडले. त्या दिवशी जेवणही गेलं नाही.

त्यात कुरडयांचे दिवस आले. हे म्हणाले, "इकत आण. काऊन जीव काढून राह्यली?"

मी कुणाचं ऐकते होय? गहू भिजवले, वाटले, चीक काढला. पण चीक शिजला की नाही, हे ओळखणं दरवर्षी दीपमालेचं काम. कच्चा चीक दुधासारखा पांढरा. शिजत गेला की त्यातून उजेड यायला लागतो. ती सराट्यावर, म्हणजे उलथन्यावर, थोडा घ्यायची आणि उजेडासमोर धरायची. कड उजळली पण मधला भाग पांढराच असला, तर म्हणायची, "थांबा अजून." मला ते कधी जमलं नाही. माझा स्वभाव घाईचा, आणि कच्च्या चिकाच्या कुरडया वाळल्या की त्यांचा भुगा होतो.

ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून पहाटेच बल्ब लावला आणि पातेलं चढवलं. एकीनं ओतायचं, दुसरीनं घाटायचं, असं हे दोघींचं काम. मी एकटीच दोन्ही करत होते. घाटता घाटता तिची इतकी आठवण आली की डोळ्यांना धार लागली. जाळीकडे बघितलं, तर बल्बच्या उजेडात नुसती हिरवी जाळी. पलीकडचं काही म्हणजे काही दिसेना.

चीक चकाकायला लागला. सराट्यावर घेऊन बल्बसमोर धरला. झाला असावा, असं म्हणून पातेलं उतरवायला फडकं घेतलं.

"उतरू नका, ताई. मधात पांढरा हाये अजून."

आवाज जाळीतून आला.

"दीपे? तुले दिसून राह्यलं?"

"हाव. तुमच्या इकडं दिवा, माह्या इकडं अंधार. सारं दिसते."

"मंग तवा दिसलं नाही? म्या हात केला, तू तुळशीपाशी होती?"

"कवा?" ती गडबडली. "दिवसा मले नुसती जाळी दिसते, ताई. तुमी बसल्या हाये का नाही, तेही समजत नाही. म्हणून तं पहाटेच येऊन बसतो मी इथं."

"रोज?"

"रोज. तुमी दिवा लावून चहा मांडता, तेवढं पाहून जातो."

मी फडकं तोंडाशी धरलं.

"हात थांबवू नका," ती म्हणाली. "बुडाला लागंल."

"लागू दे," मी म्हणाले. "तू ये आधी."