परवान्याच्या शेळ्या

फय्याद अंगणात आला तेव्हा नायफा उंबऱ्यात बसून पालेभाजी निवडत होती. तो तिचा धाकटा भाऊ. घर हाकेच्या अंतरावर, पण तिच्या नवऱ्याच्या मयतीनंतर तो या दारी आला नव्हता, आणि तिनेही कधी बोलावलं नव्हतं. आताही ती बस म्हणाली नाही. तो आपणच कठड्यावर टेकला आणि म्हणाला, काळ्या शेळ्यांवरचा कायदा उठला.

ती पानं खुडत राहिली.

काळी शेळी कोवळी रोपं खाते, डोंगर बोडका करते, म्हणून ती जंगलात दिसता कामा नये, असा तो कायदा. आणि जंगल म्हणजे तरी काय, तिच्या सासऱ्याची कुरणंच. सरकारने त्यांवर पाइनची झाडं लावली, तारेचं कुंपण घातलं, झालं जंगल. नायफाच्या नवऱ्याला, धियाबला, शेळ्यांखेरीज दुसरं काही येत नव्हतं. तो दिवसभर त्यांना दरीतल्या गुहेत कोंडून ठेवायचा आणि अंधार असतानाच चारून आणायचा. बापाच्या डोंगरावर चोरासारखा. गुहेचं तोंड झाडोऱ्याआड होतं, परक्याला सापडणारं नव्हतं. पण एके सकाळी वनखात्याची माणसं कुठे न चुकता नेमकी तिथेच आली. शेळ्या ट्रकमध्ये चढवल्या. गाभण होत्या त्यासुद्धा. धियाब भांडला नाही, ओरडला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून हैफा शहरात बांधकामावर सिमेंट कालवायला जाऊ लागला. संध्याकाळी घरी आला की रिकाम्या गोठ्याकडे पाठ करून बसायचा. असाच झिजत झिजत गेला.

फय्याद त्या वर्षी वनखात्यात रखवालदार म्हणून नुकताच लागला होता.

आता तो सांगत होता की मोठ्या वणव्यात पाइनचं जंगल काडीसारखं पेटलं, तेव्हापासून शिकलेल्या लोकांचं मत फिरलंय. खालची झुडपं खायला शेळ्या असत्या तर आग एवढी पसरली नसती म्हणतात. खातं स्वतः शेळ्या देतंय, चराईचा परवाना देतंय, जुनी माणसं शोधतंय. त्याने तिचं नाव दिलं होतं.

"मला न विचारता?"

"तुझ्या भल्यासाठीच दिलं."

"आणि गुहा दाखवलीस ती कुणाच्या भल्यासाठी?"

"नसती दाखवली तर नोकरी गेली असती. पोरं लहान होती माझी, नायफा."

"माझा हातेम काय दाढीमिश्या घेऊन जन्मला होता?"

इतकी वर्षं मनात ठाऊक असलेली गोष्ट आज त्याच्या तोंडून ऐकली. वाटलं होतं, ऐकल्यावर जीव हलका होईल. तसं काही झालं नाही.

तरी तिने परवाना घेतला. हातेम म्हणाला, आई, त्यांच्या नादी लागू नकोस. पण कासेला हात लागून किती काळ लोटला होता, ते त्याला काय कळणार.

शेळ्या आल्या. काळ्याभोर, गुबगुबीत, प्रत्येकीच्या गळ्यात एक डबी. खात्याच्या तरुण रखवालदाराने नियम समजावले. चरायचं ते याच उतारावर. शेळीने हद्द ओलांडली की डबीवरून त्याचा फोन वाजणार. करडू झालं तर कळवायचं. विकायचं नाही, कापायचंही नाही. म्हणजे पाहुणा आला तरी त्याच्या पानात दुकानातलं मटण. झरा हद्दीपलीकडे होता. पाण्याची टाकी येईल म्हणाला. ती आली नाही.

एका दुपारी म्होरकी शेळी झऱ्याच्या वाटेला लागली. रखवालदार धापा टाकत आला.

"खाला, तिला हाक मारा ना."

"तिला तहान लागलीय."

"दिसतंय मला. पण माझ्या हातात काय आहे?"

पोरगा मर्यादशील होता, त्याला शिव्याही देता येईनात. नायफाने जिभेने टकटक आवाज केला. शेळी थबकली, वळली आणि तहानलेलीच परत आली. त्या मुक्या जिवाने आपलं ऐकलं याची नायफाला इतकी लाज वाटली की उतरताना तिने वर मान केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खात्याला निरोप धाडला, शेळ्या घेऊन जा. ट्रक आला. रखवालदाराने विचारलं, आमचं काही चुकलं का?

"तेव्हा नेल्यात त्या माझ्या होत्या," ती म्हणाली. "या तुमच्याच आहेत. चारायला दुसरं कुणीतरी बघा."

त्यांनी बघितलं. दूरच्या गावचा एक पगारी गुराखी आता त्या उतारावर असतो. धुणं वाळत घालताना गच्चीवरून तो तिला दिसतो. टाकी आली म्हणतात.

ईदला तिने फय्यादच्या घरी खजुराच्या वड्यांचं ताट शेजारणीच्या हाती पाठवलं. स्वतः गेली नाही. ताट धुऊन परत आलं, त्यात काही नव्हतं.