हलका केलेला चाप

शर्यत नक्की कोण सुरू करतं, सांगाल? धावणाऱ्यांचे पाय? नाही. मी करतो.

मी एक छोटा रिव्हॉल्व्हर बोलतोय. दचकू नका. माझी नळी जन्मापासून बंद आहे. माझ्यातून गोळी सुटत नाही, नुसता बार होतो.

कारखान्यातून मी थेट लंडनच्या हॅरो भागात, अब्राहम पेणकरांच्या हाती आलो. मुंबई सोडल्यावर त्यांनी तिथल्या रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर तिकिटं तपासली. तिथे त्यांच्या तोंडाकडे कुणी पाहत नसे. पण रविवारी मुलांच्या ऍथलेटिक्स क्लबच्या मैदानावर मला धरून त्यांनी हात वर केला, की मुलांचे आईबापसुद्धा बोलायचे थांबत. शनिवारी शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शुक्रवारीच ते मला पुसून पेटीत ठेवत. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केली नाही.

मग त्यांची बोटं वाकडी झाली. थंडीत सांधे सुजू लागले, आणि माझा चाप पहिल्यापासून कडक. एका रविवारी ‘सेट’ म्हटल्यावर बार व्हायला इतका वेळ लागला, की मुलं तोल जाऊन आधीच पळाली. पुन्हा उभी केली, पुन्हा तेच.

क्लबचा सेक्रेटरी ऍडम जवळ आला. “अंकल, वाईट नका वाटून घेऊ. नेक्स्ट संडेला असंच झालं तर आपण मशीन लावू. बटण दाबलं की बीप. ते कोणीही दाबेल.”

तो ‘कोणीही’ म्हाताऱ्याला फार लागला.

त्यांचा मुलगा नॅथॅनिएल रीडिंग शहरातून आला, तो ऑनलाइन मागवलेली हलकी स्प्रिंग घेऊनच.

“कॉम्प्युटरवाला तू, स्क्रू ड्रायव्हर कधीपासून धरायला लागलास?” अब्राहम हसले.

“व्हिडिओ बघितला, डॅड. इझी आहे. तुमचा बोट आता दुखणार नाही.”

माझी जुनी स्प्रिंग निघाली, नवी बसली. त्याने रिकामाच चाप ओढला. टक्. “बघा, बटरसारखा!”

“एकदा बार करून बघू या का?”

“इथे, किचनमध्ये? शेजारी पोलिसांना कॉल करतील. घरावर हेलिकॉप्टर येईल!”

दोघं खूप हसले. मला हसू आलं नाही. चाप हलका झाला, तसा माझा घोडाही लुळा पडला होता. काडतुसावर आपटायचा जोर त्याच स्प्रिंगमधून यायचा. पण ओझं कमी झालं की वस्तू सुधारली, असंच माणसांना वाटतं.

रविवारी बोचरं वारं होतं. मुलं रेषेवर वाकली. “सेट.” अब्राहमचं बोट सहज वळलं, अगदी वेळेवर.

टक्.

त्यांनी पुन्हा ओढलं. टक्. कुणाचं तरी पोर फिदीफिदी हसलं. ऍडमने मशीन आणलं. बीप झाला, आणि मुलं पळाली.

गाडीत नॅथॅनिएलने मला रिकामं केलं. काडतुसांच्या बुडावर घोड्याचा घाव कसला, नखाचा ओरखडा होता. त्याने एकेक काडतूस निरखलं. त्याची कानशिलं लाल झाली. मग त्याने ती सगळी खिशात टाकली.

“माझंच बोट मेलं रे,” शेजारी बसलेले अब्राहम म्हणाले. “पुरतं ओढलंच गेलं नसेल. तू बिचाऱ्याने एवढी खटपट केलीस.”

“इट्स ओके, डॅड,” तो म्हणाला. “एज झाला ना तुमचा.”

अहो, बोट बरोबर होतं! पुरतं ओढलं होतं, वेळेवर ओढलं होतं. हे मला ठाऊक आहे आणि त्या मुलाला ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणी हॅरोला गेलात, तर त्या म्हाताऱ्याला एवढंच सांगा. माझ्यात आता आवाज उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्राहम पेणकरांनी ऍडमला फोन करून स्वतःहून काम सोडलं. त्यांना बटणं दाबता येईनात, म्हणून रीडिंगला निघण्याआधी नॅथॅनिएलनेच तो फोन लावून दिला.